संशोधन विद्यापीठाची घटना लिहिताना

सोलापुरात नव्या खाजगी विद्यापीठाचा विषय निघाला की पहिला प्रश्न जागेचा असतो. कुंभारीकडे किती एकर मिळेल, तुळजापूर रोडला भाव काय चाललाय, बोअरला पाणी लागेल का. दुसरा प्रश्न इमारतीचा, तिसरा कोर्स कोणते आणि फी किती याचा. चौथ्या प्रश्नापर्यंत चर्चा सहसा पोचत नाही: इथं कशावर संशोधन करायचं हे कोण ठरवणार, आणि ठरवणाऱ्याला कोण हटवू शकणार? संशोधन विद्यापीठ टिकेल की नुसतं मोठं कॉलेज होऊन बसेल, हे या चौथ्या प्रश्नावर ठरतं. त्याचं उत्तर पहिली वीट बसण्याआधी कागदावर, म्हणजे विद्यापीठाच्या घटनेत, कारभाराच्या लेखी नियमांत, उतरावं लागतं. नंतर लिहायला बसलं की प्रत्येक कलम कुणा ना कुणा माणसाच्या विरोधात लिहिल्यासारखं दिसतं, आणि मग ते राहूनच जातं.

आपल्याकडे विद्यापीठ म्हटलं की महाविद्यालयांना संलग्नता देणारी आणि परीक्षा घेणारी यंत्रणा डोळ्यांसमोर येते. केगावचं आपलं विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालं; २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखलं जातं. जिल्हाभरातल्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल सांभाळणं हे त्याचं मोठं काम आहे. खाजगी विद्यापीठाचं तसं नसतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००३ च्या नियमांनुसार ते एकल असावं लागतं: शिकवणं, संशोधन, परीक्षा सगळं एकाच ठिकाणी, महाविद्यालयं संलग्न करायची नाहीत, पहिली पाच वर्षं मुख्य आवाराबाहेर केंद्रही काढायचं नाही. म्हणजे संलग्नतेचा भार मुळातच नाही. ती मोकळी झालेली ताकद संशोधनात जाते की फी गोळा करण्यात, हे संस्थेच्या घटनेवर अवलंबून असतं.

या प्रकारच्या विद्यापीठाचं मूळ बर्लिनमध्ये आहे. १८१० साली विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या पुढाकाराने तिथं जे विद्यापीठ निघालं, त्याचा पाया असा की शिकवणं आणि शोधणं एकाच माणसाने करावं, आणि प्राध्यापकाने काय शिकवावं, विद्यार्थ्याने काय शिकावं यात बाहेरच्याने हात घालू नये. पैसा मात्र सरकारचा होता. हाच विचार खाजगी पैशावर उभा करण्याचा मोठा प्रयत्न १८७६ साली अमेरिकेत बाल्टिमोरला झाला. जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ७० लाख डॉलर ठेवले, निम्मे विद्यापीठाला आणि निम्मे रुग्णालयाला. पहिले अध्यक्ष डॅनियल गिलमन यांनी भव्य आवार उभारायच्या मागे न लागता गावातल्या साध्या इमारतींमध्ये वर्ग सुरू केले. जवळच्या पीबॉडी ग्रंथालयाची पुस्तकं हाताशी होती. पैसा गेला माणसांवर: गणिताला सिल्व्हेस्टर, रसायनाला रेमसन, भौतिकीला रोलँड, आणि पदवी झालेल्या तरुणांसाठी प्रत्येकी ५०० डॉलरच्या २० शिष्यवृत्त्या. दोनच वर्षांत, १८७८ मध्ये, तिथून गणिताचं स्वतःचं नियतकालिक निघालं आणि विद्यापीठाची प्रकाशनसंस्थाही सुरू झाली.

हा क्रम नीट पाहावा: आधी माणसं, मग शिष्यवृत्त्या, मग छापखाना, आणि इमारत सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे तो बहुतेक वेळा उलटा असतो, कारण इमारतीवर देणगीदाराचं नाव कोरता येतं.

हॉपकिन्सची चूकही तितकीच शिकण्यासारखी आहे. विद्यापीठाचा बहुतेक निधी एकाच रेल्वे कंपनीच्या शेअरमध्ये होता, आणि ते विकू नयेत अशी देणगीदाराची इच्छा मृत्युपत्रात नोंदलेली होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने लाभांश थांबवला आणि विद्यापीठाला पगारासाठी गावात निधी गोळा करायची वेळ आली. आपल्याकडचा देणगीदार बहुधा स्वतःच्याच कंपनीचे शेअर किंवा स्वतःचीच जमीन देतो. म्हणून घटनेत पहिल्याच पानावर असावं: मिळालेली मालमत्ता विकून पैसा वेगवेगळ्या ठिकाणी गुंतवण्याचा पूर्ण अधिकार विश्वस्तांना आहे, आणि एका कंपनीत किंवा एका बँकेत निधीच्या अमुक टक्क्यांहून जास्त पैसा राहणार नाही. दहा टक्के ही मर्यादा मला रास्त वाटते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच वुस्टर गावचं. तिथलं क्लार्क विद्यापीठ १८८९ साली फक्त पदव्युत्तर संशोधनासाठी सुरू झालं. संस्थापक जोनास क्लार्क आणि अध्यक्ष स्टॅन्ली हॉल यांच्या मनातली विद्यापीठं वेगळी होती. दरवर्षी किती पैसे येणार हे लेखी ठरलेलं नव्हतं, आणि संस्थापकाने हात आखडता घेतला. १८९२ साली बहुतेक प्राध्यापक निघून गेले. बरेचसे नव्याने निघालेल्या शिकागो विद्यापीठाने उचलले. तीन वर्षांत जमवलेली माणसं एका उन्हाळ्यात गेली. तोंडी शब्दावर विद्यापीठ चालत नाही. देणगीचे हप्ते, तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे करारात लागतं.

तिसरं उदाहरण स्टॅनफर्डचं. त्याचे संस्थापक लेलँड स्टॅनफर्ड १८९३ साली वारले आणि सगळे अधिकार त्यांच्या पत्नी जेन यांच्याकडे एकवटले. विद्यापीठ अडचणीच्या वर्षांत त्यांनीच तगवलं, हे मान्य करायलाच हवं. पण १९०० साली एडवर्ड रॉस या अर्थशास्त्रज्ञाची जाहीर मतं त्यांना पटली नाहीत आणि त्यांच्या दबावाने त्याला जावं लागलं. त्याची काही मतं, विशेषतः आशियाई मजुरांबद्दलची, आज वाचवत नाहीत. तरी मालकाच्या नाराजीवर प्राध्यापकाची नोकरी जाते हे दिसताच आणखी काही प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्यांतले आर्थर लव्हजॉय पुढे १९१५ साली अमेरिकेतली प्राध्यापकांची संघटना उभारणाऱ्यांमध्ये होते. १९०३ साली जेन स्टॅनफर्ड यांनी आपले अधिकार विश्वस्त मंडळाकडे सोपवले. संस्थापकाने अधिकार कधी सोडायचे याची तारीख आपल्याकडच्या घटनेत जवळजवळ कधीच नसते. ‘संस्थापक अध्यक्ष तहहयात’ हे शब्द मात्र हमखास असतात.

एवढं लांब जायचीही गरज नाही. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा आजीव सदस्य ही पद्धत आली: शिक्षकांनी माफक ठरीव पगारावर दीर्घ सेवेची शपथ घ्यायची आणि संस्था त्यांनीच चालवायची. वेगळा मालक नाहीच. हा आपल्या मातीतला प्रयोग बर्लिनच्या विचाराइतकाच मोलाचा आहे. तोही एका जागी अडला. सदस्यांनी बाहेर काम करून पैसे मिळवावेत का, या प्रश्नावर तीव्र मतभेद झाले आणि टिळक १८९० साली बाहेर पडले. आजच्या भाषेत हा सल्लागारीच्या नियमाचा वाद आहे. प्राध्यापकाने आठवड्यातला एक दिवस बाहेरच्या कामाला द्यावा का, मिळालेल्या रकमेतला किती वाटा विद्यापीठाचा, विद्यापीठाची यंत्रं वापरली तर भाडं किती, हे आधीच लिहिलेलं नसेल तर चांगली माणसं एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आठवड्याला एक दिवस, रकमेचा तिसरा हिस्सा विद्यापीठाला, यंत्राचं भाडं वेगळं, आणि प्रत्येक कामाची नोंद उघड वहीत: इतकं पुरतं.

आणि सोलापूर? खाजगी पैशाने संशोधन करण्याची परंपरा इथं आहे, फक्त तिच्याकडे कुणी विद्यापीठाच्या नजरेने पाहिलेलं नाही. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी जैन संस्कृती संरक्षक संघासाठी आधी ३० हजार रुपये दिले आणि १९४४ साली जवळजवळ दोन लाखांची आपली सारी मालमत्ता विश्वस्त निधी करून दिली. त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला चालली. संपादनाचं काम आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हीरालाल जैन या प्राकृतच्या मोठ्या अभ्यासकांकडे होतं. पैसा सोलापूरच्या व्यापाऱ्याचा आणि पाठचिकित्सा, म्हणजे जुन्या ग्रंथांचे पाठ ताडून शुद्ध करणं, पंडितांची, ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते. संशोधन विद्यापीठाच्या घटनेत हीच गोष्ट कलमांमध्ये लिहायची असते.

आता कायद्याची वाट. चालवणारी संस्था तीनपैकी एका रूपात असावी लागते: नोंदणीकृत सोसायटी, सार्वजनिक न्यास, किंवा नफा न वाटणारी कंपनी. विद्यापीठ राज्य विधिमंडळाच्या कायद्यानेच अस्तित्वात येतं. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याखाली नुसत्या अधिसूचनांवर थोड्याच काळात शंभराहून जास्त विद्यापीठं काढली, प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती तरतूद रद्द केली आणि विद्यार्थी अधांतरी राहिले. राज्याचा कायदा झाला की विद्यापीठ यूजीसीच्या यादीत येतं आणि पदवी देता येते. यूजीसीकडून अनुदान मिळायला पात्र ठरणं ही वेगळी पायरी आहे. ‘यूजीसी मान्य’ एवढंच माहितीपत्रकात छापलं की हा फरक बुजतो, आणि पालकांना वाटतं की सरकारचा पैसाही इथं येतो.

राज्याच्या कायद्यात मंडळांची रचना बरीचशी ठरवून दिलेली असते: वर नियामक मंडळ, रोजच्या कारभाराला व्यवस्थापन मंडळ, अभ्यास आणि संशोधनाला विद्यापरिषद, पैशाला वित्त समिती. कुलपती चालवणारी संस्था नेमते. सरकारी विद्यापीठात अधिसभा असते, तिथं निवडून आलेले पदवीधर आणि शिक्षक अर्थसंकल्पावर प्रश्न विचारतात. खाजगीत ती नसते. म्हणजे बाहेरचा डोळा मुळातच कमी. तो भरून काढायचा तर संस्थेने आपल्या वाट्याच्या जागा कशा भरायच्या हे स्वतःच्या विश्वस्तपत्रात बांधून घ्यावं. नियामक मंडळ ११ जणांचं धरलं तर संस्थेचे चार, बाहेरचे अभ्यासक चार, विद्यापीठाच्या शिक्षकांनी निवडलेले दोन आणि कुलगुरू. एका कुटुंबातले दोनपेक्षा जास्त नकोत. मुदत चार वर्षं, दोन मुदतींनंतर सक्तीची विश्रांती. दर दोन वर्षांनी निम्म्या जागा रिकाम्या होतील अशी सुरुवात करावी, नाहीतर एकाच दिवशी सगळं मंडळ बदलतं आणि जुन्या निर्णयांची आठवण कुणालाच राहत नाही.

सगळ्या रचनेचा कणा एका नियमात आहे. वित्त समितीला ‘यासाठी पैसे नाहीत’ असं म्हणता येईल, पण ‘हा विषय नको’ असं म्हणता येणार नाही. विद्यापरिषदेला ‘हा विषय हवा’ असं म्हणता येईल, पण मंजूर अर्थसंकल्पाबाहेर एक रुपया खर्च करता येणार नाही. दोन्हींचं जमलं नाही तर प्रश्न नियामक मंडळासमोर लेखी कारणांसह जाईल आणि निकालही लेखी येईल. या चार ओळी ज्या घटनेत नाहीत, तिथं खजिनदारच संशोधनाची दिशा ठरवतो, बहुतेक वेळा त्याच्या नकळत.

प्रत्यक्षात बिघाड कुठे होतो? तेच पाच जण सगळ्या मंडळांवर असतात. बैठका एकाच दुपारी, एकापाठोपाठ एक. इतिवृत्त आधीच टाइप केलेलं. कुलसचिव हा संस्थेच्या जुन्या कार्यालयातून उचललेला विश्वासू माणूस आणि तोच सगळ्या मंडळांचा सचिव, त्यामुळे कोणता प्रश्न विषयपत्रिकेवर यायचा हे त्याच्या हातात. उपाय साधे आहेत. एक माणूस दोनपेक्षा जास्त मंडळांवर नको, कुलगुरूंचा अपवाद. दोन मंडळांच्या बैठकांत किमान सात दिवसांचं अंतर. विषयपत्रिका दहा दिवस आधी. कोणत्याही तीन सदस्यांनी लेखी मागितलेला विषय घ्यावाच लागेल. ज्याचा नातेवाईक कंत्राटदार किंवा उमेदवार आहे त्याने त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं, आणि तो गेल्याची वेळ इतिवृत्तात. लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि इतिवृत्तं संकेतस्थळावर. अधिसभा नाही तर निदान हे तरी.

कुलगुरू शोधसमितीने सुचवलेल्या तीन नावांतूनच नेमावेत, शोधसमितीत बहुमत बाहेरच्यांचं असावं, मुदत पाच वर्षांची. त्यांना मुदतीआधी काढायचं तर लेखी कारणं, उत्तर द्यायला ३० दिवस आणि नियामक मंडळाचं दोन तृतीयांश बहुमत. ज्यांना एका फोनवर काढता येतं ते कुलगुरू पहिल्या वर्षापासून फोनचीच वाट पाहत काम करतात.

पैशाचं गणित मांडल्याशिवाय आदर्शांना अर्थ नाही, म्हणून एक लहान विद्यापीठ धरू. २४ शिक्षक, एकेकाचा वर्षाचा सरासरी खर्च १८ लाख: ४ कोटी ३२ लाख. ६० पीएचडी विद्यार्थी. यूजीसीचा दर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार आहे, सरासरी ४० हजार धरली तर २ कोटी ८८ लाख, घरभाडं वेगळं. तांत्रिक आणि कार्यालयीन माणसं दोन कोटी. ग्रंथालय, रसायनं, वीज, यंत्रांची देखभाल अडीच कोटी. एकूण ११ कोटी ७० लाख, तेही इमारत आणि नवी यंत्रं सोडून. कायम निधी, ज्याला हिशेबनीस कॉर्पस म्हणतात, त्यावर सात टक्के मिळाले तर महागाईपोटी तीन टक्के परत निधीत टाकायचे आणि चारच खर्चायचे. सगळा खर्च व्याजावर भागवायचा तर सुमारे २९२ कोटींचा निधी लागेल. निम्मा खर्च फी आणि प्रकल्पांतून निघाला तर १४६ कोटी. हे आकडे मनासमोर ठेवून मगच किती विभाग काढायचे ते ठरवावं. ज्याच्याकडे ३० कोटी आहेत त्याने विद्यापीठ न काढता एका विषयाची उत्तम संस्था काढावी. त्यात काहीही कमीपणा नाही.

निधीबाबत कागदाची एक चूक वारंवार होते. देणगी ‘कायम निधीसाठी’ आहे असं देणगीदाराच्या पत्रात आणि पावतीवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती चालू वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि करमाफी टिकवायची तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग हेतूसाठी खर्चावा लागतो किंवा साठवण्याची वेगळी प्रक्रिया वेळेत करावी लागते. मार्च अखेरीला घाईने खुर्च्या आणि संगणक विकत घेतले जातात ते यामुळे. दोन ओळींचं पत्र वेळेवर घेतलं असतं तर तीच रक्कम पन्नास वर्षं शिष्यवृत्ती देत राहिली असती.

विषय किती आणि कोणते? चौदा विभाग काढून प्रत्येकात दोन शिक्षक नेमले तर कुठेच संशोधन होत नाही. चर्चेला बरोबरीचा माणूसच नसतो. एका विषयात निदान सहा ते आठ जण एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवेत. २४ शिक्षकांत तीन विद्याशाखा बसतात. सोलापूरसाठी त्या कोणत्या हे मला पुरतं स्पष्ट दिसतं.

पहिली कोरडवाहू शेती आणि पाणी. या भागात कोरडवाहू संशोधनाचं केंद्र १९३० च्या दशकापासून आहे, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, मोहोळच्या मालदांडी ज्वारीचं नाव राज्यभर आहे. नव्या विद्यापीठाने त्यांच्याशी स्पर्धा करू नये. माती आणि हवामानाच्या जुन्या नोंदींचा अभ्यास, उजनीच्या पाण्याचं अर्थशास्त्र, ज्वारीच्या कणसापासून भाकरीपर्यंतचं पोषण, अशा त्यांच्या कामाला जोडणाऱ्या बाजू धराव्यात.

दुसरी वस्त्र. चादर आणि टॉवेलचं गाव, पूर्व भागातले यंत्रमाग, अक्कलकोट रोडची एमआयडीसी. प्रश्न दारातच आहेत. इथं एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती हमखास चुकते. सुताची ताकद मोजायची खोली ठरावीक हवेत ठेवावी लागते: सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के, दोनने कमीजास्त, आणि तापमान आपल्याकडच्या उष्ण प्रदेशांच्या मानकानुसार २७ अंश, तेही दोनने कमीजास्त. कापूस ओलावा धरला की बळकट होतो आणि सुकला की कमजोर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की उघड्या खोलीत मोजलेलं सूत ऑगस्टमध्ये मोजलेल्या त्याच सुतापेक्षा कच्चं दिसतं. संशोधक मग कापसाला किंवा मागाला दोष देतो. यंत्र आयात करायला पैसे मिळतात, पण खोलीचं वातानुकूलन आणि आर्द्रता-नियंत्रण चोवीस तास चालवायला मिळत नाहीत. इन्व्हर्टर फक्त संगणकाला जोडलेला असतो. वीज गेली की नमुन्यांना पुन्हा खोलीच्या हवेशी जुळवून घ्यायला तासन् तास द्यावे लागतात आणि दिवसाचं मापन वाया जातं. जनरेटर आधी खोलीच्या हवेसाठी घ्यावा.

हाच हिशोब सगळ्या यंत्रांना लागू आहे. यंत्राच्या किमतीच्या पाच ते दहा टक्के दरवर्षी देखभालीला बाजूला ठेवता येत नसतील तर ते घेऊ नये. द्रव हेलियम लागणारं एनएमआर यंत्र, म्हणजे मोठ्या चुंबकाने रेणूंची रचना तपासणारं यंत्र, नव्या विद्यापीठाने पहिल्या दहा वर्षांत घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. हेलियम आयात करावा लागतो आणि पुरवठा अडला तर चुंबकच धोक्यात येतो. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी बाहेरच्यांना पैसे भरून नमुने तपासून मिळतात. नमुना पाठवण्याचा खर्च हा कमीपणा नव्हे. वाचलेल्या रकमेतून एक कुशल तंत्रज्ञ कायम नेमावा. विद्यार्थी पाच वर्षांनी जातो, तंत्रज्ञ वीस वर्षं राहतो, आणि यंत्राच्या खोडी त्यालाच ठाऊक असतात.

तिसरी शाखा समाज आणि भाषा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि दखनी एकाच बाजारात ऐकू येतात असं गाव अभ्यासकाला सहजी मिळत नाही. विडी कामगार स्त्रियांचं आरोग्य, गिरण्या बंद पडल्यावर घरांचं काय झालं, १९३० च्या मार्शल लॉचे कागद. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या काळात सोलापूर शहराची सविस्तर सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. तीच पाहणी आज त्याच पद्धतीने पुन्हा केली तर तुलनेला हाताशी असा पाया देशात फार थोड्या शहरांना आहे. या शाखेला यंत्रं लागत नाहीत म्हणून तिला कमी पैसे देण्याची सवय आहे. तिला पाहणी करणारी माणसं लागतात, आणि तोही खर्चच आहे.

व्यवस्थापन आणि संगणकाचे फी देणारे अभ्यासक्रम काढण्याचा दबाव दुसऱ्याच वर्षी येतो. ते काढू नयेत असं मी म्हणणार नाही, पण त्यांची शिल्लक कुठे जाते हे कलमात असावं. आणि सुरुवात फक्त पीएचडीने करू नये. क्लार्कने तसं केलं आणि त्याला आधाराला दुसरं काही उरलं नाही. लहानशी चार वर्षांची पदवी सोबत हवी; सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथं वर्ष संशोधनाचं घेता येतं आणि तिथूनच थेट पीएचडीकडे जाता येतं. आपले चांगले संशोधक आपल्याच पहिल्या वर्षात बसलेले असतात.

पीएचडीबाबत २०२२ चे नियम पुरेसे नेमके आहेत. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी. किमान तीन वर्षं. अभ्यासक्रमाची निदान १२ श्रेयांकं (क्रेडिट). प्रबंध तपासायला निदान दोन बाहेरचे परीक्षक. संशोधन विद्यापीठाने स्वतःची मर्यादा याहून कमी, म्हणजे पाच-चार-तीन ठेवावी. शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या निधीतून, मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून नव्हे, कारण प्रकल्प संपला की विद्यार्थी उघड्यावर पडतो आणि मार्गदर्शकाशी मतभेद झाला तर बोलायची सोय राहत नाही. मार्गदर्शक बदलण्याची वाट नियमात असावी आणि तिला कारण विचारू नये.

शिक्षकाचा वेळही मोजावा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन आहे, वरच्या दोघांना १४. सोळा तास शिकवायला जवळजवळ तितकीच तयारी, वर परीक्षा आणि समित्या. संशोधनाला रविवार उरतो. सहा ते आठ तासच वर्गात ठेवायचे तर शिक्षक वाढतात आणि वरचं २९२ कोटींचं गणित अजून फुगतं. म्हणून विभाग कमी, हा माझा हट्ट.

स्वातंत्र्याची कलमं थोडक्यात पण काटेकोर हवीत. कंपनीच्या पैशाने झालेलं संशोधन पेटंटसाठी ९० दिवसांपर्यंत थांबवता येईल, पण कायमचं दाबता येणार नाही. असा करार नको असेल तर कंपनीचा पैसा नको. टॉवेलच्या रंगातलं सांडपाणी तपासणाऱ्या विद्यार्थ्याला याच कलमाचा आधार लागेल. पाच वर्षांच्या पहिल्या नेमणुकीनंतर बाहेरच्या तीन तज्ज्ञांनी काम पाहून कायम करायचं किंवा नाही, मध्ये लोंबकळत ठेवायचं नाही. माणसांवरचं आरोग्य-संशोधन करायचं तर नीतिसमितीचे अध्यक्ष संस्थेबाहेरचेच हवेत आणि सदस्य सात ते पंधरा. हा आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांचा भाग आहे, आणि विडी कामगारांच्या घरात पाऊल टाकण्याआधी ती समिती कामाला लागलेली असावी.

शेवटचं कलम सगळे घाईत उरकतात: विद्यापीठ बंद झालं तर काय. जमीन आणि निधी देणगीदाराच्या घराण्याकडे परत जाणार नाही, तशाच हेतूच्या दुसऱ्या सार्वजनिक संस्थेकडे जाईल, आणि त्या संस्थेचं नाव आजच लिहावं. शेवटची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंतचा खर्च एका वेगळ्या ठेवीत राहील आणि तिला कोणतंही मंडळ हात लावणार नाही. पदव्यांचं मूळ रजिस्टर, प्रबंधांच्या प्रती, शेतातल्या पावसाच्या आणि मातीच्या नोंदवह्या, पाहणीची भरलेली पत्रकं, ही कोणत्या ग्रंथालयाकडे सोपवायची तेही इथंच. बंद पडलेल्या संस्थांचे असे कागद रद्दीत जातात, आणि चाळीस वर्षांनी कुणाला तरी १९ तारखेला माढ्यात किती पाऊस पडला होता ते हवं असतं.